वाडगा क्रमांक एकेचाळीस

स्ट्रॉमनेसच्या वरच्या गल्लीत, जुन्या शिडांच्या शेडमध्ये
मेरन फ्लेट काच कापते आहे.
चरा एकदाच ओढायचा, हात थरथरू न देता,
मग दोन्ही अंगठे, आणि कट्.
आवाज नाही आला तर समजायचं,
आता ती मोडेल तिच्या मर्जीने.

नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवा लावलाय.
एकतीस वर्षं बोटीच्या धक्क्यावर, खिडकीमागे बसून
तिने तिकिटं दिली. माणसांच्या खांद्यांवरून
समुद्र दिसायचा.
त्याचा रंग नेमका कुठला, हे कुणी विचारलं नाही
(परतीचं केवढ्याला, हेच विचारायचे सगळे)
म्हणून तिनेही ठरवून टाकला नव्हता.

आता ठरवायला बसली आहे. वही आहे:

सतरावा. निळ्यावर दुधी. आठशे चार अंश, दहा मिनिटं. गढूळ.
बाविसावा. हिरवा चढला. टूथपेस्ट.
तेविसावा. तेच, पण महागात.
अठ्ठाविसावा. सोन्याचा अंश असलेली गुलाबी. भट्टीत जाताना पाण्यासारखी,
बाहेर येताना चिडलेली. समुद्राशी संबंध नाही. तरी ठेवला.
चौतिसावा. तडकला.

आणि चौतिसाव्याखाली, तेलाचा डाग पडलेल्या
दुसऱ्याच अक्षरात:
रात्री दोनला झाकण कुणी उचललं होतं?

सिगर्ड. भट्टी त्याची, रंग तिचे, अशी वाटणी आहे.
एकोणिसाव्या वर्षी त्याला काळोख्या खोलीत बसवून
दोन दिवे दाखवले होते. यातला लाल कुठला, हिरवा कुठला?
तो म्हणाला, बोट कुठल्या दिशेला चाललीय ते आधी सांगा.
परीक्षक हसला नाही.
मग आयुष्यभर खाली, इंजिनखोलीत,
जिथे कान पुरतात, आणि तळहात.
म्हणून तो वाडगा बघत नाही. नखाने टिचकी मारतो,
कानाशी धरतो, म्हणतो: बसलाय. किंवा: हा आतून घाबरलेला आहे,
पुढच्याला दोन तास जास्त मुरू दे, पाचशे दहावर.
तिला हे पटत नाही. चुकतही नाही.

एकेचाळिसाव्यात तिने धीर केला.
मोरपंखी पट्टीला खेटून पिवळी ठेवली, मध्ये फट नाही.
एकीच्या पोटात तांबं, दुसरीच्या गंधक.
दुकानदाराने बजावलं होतं, या दोघींना शेजारी झोपवू नकोस.
सपाट चकती वितळली, थंडावली,
मग साच्यावर, दुसऱ्यांदा आगीत, स्वतःच्याच वजनाने
मधोमध खाली बसत गेली,
दमलेली बाई खुर्चीत बसते तशी, न ठरवता.

सकाळी सांध्यावर तपकिरी रेघ होती.
वेडीवाकडी, कडेला काळपट, मुद्दाम कुणी काढणार नाही अशी.
मळ, ती म्हणाली. घासून पाहिली. आतच होती.

सिगर्डने टिचकी मारली नाही.
अंगठा रेघेवरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"हे मला दिसतंय," तो म्हणाला.
"भरती ओसरली की शेवाळ राहतं ना वाळूवर,
पाणी इथवर आलं होतं एवढंच सांगायला. ते."
आणि थोड्या वेळाने: "यात पाणी कुठल्या बाजूला?"

ती सांगणार होती.
मग वाडगा उजेडात फिरवून पाहिला, आणि गप्प राहिली.

वहीत आज एवढंच:
एकेचाळीस. रेघ. तांबं, गंधक. समुद्र नाही, त्याची कड.
खाली, दुसऱ्या अक्षरात: ठीक.

बेचाळिसावा आत आहे. एकशे नव्वद अंश, उतरताहेत.
वारा दार हलवून बघतोय, कडी आहे का.
झाकणासमोर स्टूल टाकून सिगर्ड बसला आहे,
रेडिओ कानाशी, चहा गार,
आणि मेरन फरशीवरचा चुरा झाडते आहे,
उगाचच भट्टीच्या जवळजवळ.